शिमग्याला येत नाही, त्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर मी शिमग्यासाठी रजा मिळाली नाही असे सांगितले, ते खरे नव्हते. रजा मिळाली आहे, परंतु ती मी इव्रेआच्या कार्निव्हलसाठी घेतली आहे. हे तुमच्यापासून लपवल्यापासून मला नीट झोप लागलेली नाही.

इव्रेआ हे इटलीतले गाव तोरिनो (ट्यूरिन) शहराच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर आहे. मी ज्यांच्या घरी राहते त्या आजी मूळच्या तिथल्या. आजोबा गेल्यापासून त्या कार्निव्हलला गेल्या नाहीत, आणि यंदा "हात धरून नेशील का" असे त्यांनी विचारले तेव्हा मला नाही म्हणवले नाही. तुमचा हात कोण धरते आहे, हे मनात आल्यावाचून राहिले नाही.

बाबा, या कार्निव्हलमधल्या संत्र्यांच्या लढाईचा व्हिडिओ पाहून तुम्ही घाबरलात. रविवार ते मंगळवार पायी लढणारे नऊ संघ आणि घोडागाड्यांवरचे शिरस्त्राणधारी एकमेकांवर संत्री फेकतात, हे खरे आहे. गाडीवाले म्हणजे जुलमी सरदाराचे शिपाई आणि खालचे म्हणजे उठाव करणारी प्रजा. हा सरदार नव्या नवरीवर हक्क सांगत असे आणि गिरणीवाल्याच्या व्हायोलेता नावाच्या लेकीने त्याचे मुंडके उडवले, अशी इथली आख्यायिका आहे. लाल टोपी घातलेल्यावर मुद्दाम कोणी नेम धरत नाही; आम्ही दोघी लाल टोपी घालून, शिवाय जाळीच्या मागे उभ्या राहू.

आई, खाण्याची काळजी करू नकोस. ईस्टरपूर्वीचा ४० दिवसांचा उपवासकाळ सुरू होण्याआधी इथे तळणाची चंगळ असते. 'बुजीये' नावाच्या खुसखुशीत पट्ट्या कातणाने कापून तळतात आणि वर पिठीसाखर भुरभुरतात. काल आजींनी माझ्या हाती कातण दिले तेव्हा शंकरपाळ्यांच्या वेळी तुझ्याकडून ते ओढून घेणारी मी आठवले, आणि डोळे भरून आले. 'बुजीये' या शब्दाचा अर्थ खोट्या गोष्टी, हे कळल्यावर हे पत्र लिहायला बसले.

मंगळवारी रात्री झुडपांनी मढवलेले उंच खांब पेटवतात. त्या वेळी माझे मन गावच्या सहाणेवरच्या, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावरच्या, होळीच्या होमापाशीच असेल.

बाबा, यंदा पालखीला खांदा देऊ नका, नुसता हात लावा. देवीला ते पोचते. रक्तदाबाची गोळी रात्रीच्या जागरणातही चुकवू नका. आई, तू त्यांच्याबरोबर जा आणि गुडघ्याचा पट्टा घाल. १० मेचे घरी येण्याचे तिकीट काढले आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे.

तुमची,
छकुली