ताई, तुम्ही मला आधीच हात वर करायला लावलंत

ताई,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हाला संकोच वाटेल. पण वाचलंत तर ओळखालच, रेडिएशनच्या मशीनवर सकाळच्या पाळीला असता त्या तुम्ही आणि तोंडातल्या टाळूच्या गाठीवाले काका तो मी. ट्रीटमेंट संपून चार महिने झाले, रोज लिहायचं ठरवतो आणि बसलो की गळा भरून येतो म्हणून राहून जातं, आज कसंही होवो लिहूनच टाकतो.

तुमच्यापर्यंत पोचायलाच मला दीड वर्ष लागलं. टाळूवर बारीक गाठ, दुखत नव्हती, आणि दुखत नाही म्हणूनच कोणी मनावर घेतली नाही. आधी दाढेचं रूट कॅनल झालं, मग शेजारच्या दाढेचंही झालं. वरचे दात आणि डोळ्याखालचा गाल बधिर पडलाय हे मी तीन ठिकाणी सांगितलं, तिन्हीकडे व्हिटॅमिनच्या गोळ्या मिळाल्या आणि एकीकडे तर "वयाप्रमाणे होतं, नेटवर वाचत बसू नका" हेही ऐकून घेतलं. तो बधिरपणाच खरा इशारा होता हे बायोप्सीनंतर कळलं. ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. लाळेच्या ग्रंथींमधून होतो, डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये शंभरात जेमतेम एखादा. वाढतो हळू पण नसेच्या कडेकडेने सरकत पार कवटीच्या तळापर्यंत जाऊ शकतो, म्हणून ऑपरेशन करून गाठ काढली तरी त्या नसेच्या वाटेवर रेडिएशन द्यायचं ठरलं. दुर्मीळ आजार आहे, पटकन ओळखू येत नाही, मला मान्य आहे. पण मी बोलत असताना समोरच्या माणसाने कागदावरून मान वर काढून माझ्याकडे बघितलंही नाही, ते अजून जात नाही मनातून.

रेडिएशन घेताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर लावतात तो मास्क बनवायच्या दिवशी तुम्ही नव्हतात. गरम पाण्यातून काढलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर ताणली, कडक होईपर्यंत धरून ठेवली, कडेच्या क्लिपा टकाटक टेबलाला लावल्या. डोळे उघडत नाहीत, जबडा हलत नाही, शब्द बाहेर पडत नाही. "हलू नका, सगळेच करतात," एवढंच कोणीतरी म्हणालं. घरी येऊन बायकोला सांगितलं की मी नाही जाणार, जे व्हायचं ते होऊ दे. हे तुम्हाला मी कधी बोललो नाही. पहिल्या सिटिंगला मी आलो तो तिच्या हट्टापायी.

आणि मग तुम्ही. मास्क लावायच्या आधी स्टूल ओढून बसलात, बाहेर पेशंटची रांग असताना. म्हणालात, "काका, मशीन चालू असताना आम्हाला कोणाला आत थांबता येत नाही, पण कॅमेऱ्यातून मी तुमच्याकडेच बघत असते. काही झालं तर हात वर करा, मी बंद करून आत येते." हे तर सगळेच सांगत असतील. पण तुम्ही पुढे म्हणालात, "माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, करून बघू." मास्क लावलात, क्लिपा लावल्यात, बाहेर गेलात, ते जाड दार बंद झाल्याचा आवाज आला आणि स्पीकरवर तुमचा आवाज, "आता हात वर करा आणि मनात आकडे मोजा." मी हात वर केला. मशीन अजून सुरूसुद्धा नव्हतं. अकरावर पहिली क्लिप उघडली. मास्क काढून विचारलंत, किती झाले? अकरा म्हणलं. "मग अकरा लक्षात ठेवा. परत एकदा करू?" परत केलं. परत अकरा.

ताई, त्या दिवशीपर्यंत दीड वर्षात मला प्रत्येकाने सांगितलं होतं की काळजी करू नका. काळजी कशी करू नको ते दाखवलं फक्त तुम्ही.

पुढचं तुम्ही रोज बघतच असता. शनिवार-रविवार सोडून सहा आठवडे आणि वर तीन दिवस, रोज २ ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं माप), एकूण ६६. तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटलं, चव गेली, पाणी प्यायलं तरी काच गिळल्यासारखं. लाळ आटली आणि जी उरली ती गोंदासारखी तार धरायची. मिठा-सोड्याच्या गुळण्या, तोंड उघडायचे व्यायाम, सगळं केलं. ते काही जास्त सांगत नाही.

पण २४ वी सिटिंग सांगायचीच आहे. मशीन फिरत होतं आणि ती चिकट लाळ घशात मागे जाऊन अडकली. खोकता येईना, गिळता येईना, डोकं तर जागचं हलत नाही. त्या क्षणी खरंच वाटलं की संपलं. आणि हात आपोआप वर गेला, कारण तो आधी दोनदा वर गेलेला होता, त्याला वाट माहीत होती. एक, दोन, तीन मोजत राहिलो. आठवर क्लिप उघडली. तुम्ही पळत आला होतात, धाप लागली होती तुम्हाला. मला कुशीवर वळवलंत, पाठीवर हात ठेवलात आणि मी तोंड साफ करेपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. मग म्हणालात, घाई नाही, जेवढा डोस राहिलाय तेवढा मशीनला बरोबर माहिती आहे, तिथूनच पुढे घेऊ. मी परत आडवा झालो ताई. स्वतःहून झालो.

इतकी महागडी मशीन, मिलिमीटरचा हिशोब, डॉक्टर, फिजिक्सवाले, सगळ्यांचे उपकार आहेत, कमी कोणाचेच नाहीत. पण त्या टेबलावर मी ३३ वेळा झोपू शकलो तो तुमच्या त्या पाच मिनिटांमुळे. तुम्हाला ती पाच मिनिटं कोणी द्यायला सांगितली नव्हती, कुठल्या फॉर्मवर त्याचा रकाना नाही, आणि न देता सुद्धा तुमचं काम पूर्णच धरलं गेलं असतं. अशी माणसं असतात, आपल्याला कळतही नाही की ती आहेत, आणि त्यांच्या जिवावर आपल्यासारखे कितीजण उठून घरी जातात.

आता चव थोडी थोडी परत येतेय, आधी गोड कळायला लागलं. तोंड कोरडं असतं, पाण्याची बाटली सोबत ठेवतो. हा आजार बऱ्याच वर्षांनीही डोकं वर काढू शकतो म्हणून तपासण्या चालूच राहणार, पुढच्या महिन्यात एमआरआय आणि छातीचा स्कॅन आहे. त्या दिवशी तुमच्याकडे खाली येईन. आत पेशंट असेल तर मी बाहेर बाकावर बसतो, तुम्ही माझ्यासाठी बाहेर येऊ नका, त्याच्याकडेच बघत राहा.