ओंजळ धरायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

हे पत्र तुमच्या हातात आणून देता आलं असतं. पण चारचौघांत लिहायचं ठरवलं, कारण फुटबॉलमध्ये गोल मारणाऱ्याला कोणी घडवलं हे सगळे विचारतात. गोलकीपरच्या हातात बॉल राहिला तर तो धरायला कोणी शिकवलं, हे कोणी विचारत नाही.

मी तुमच्याकडे आले तेव्हा सतरा वर्षांची होते. उडी चांगली होती, भीती नव्हती. कोपऱ्यातले फटके बोटांच्या टोकांनी बाहेर काढायचे आणि सरळ अंगावर आलेला साधा बॉल मात्र छातीवर आपटून समोरच्या फॉरवर्डच्या पायात पडायचा. एका उपांत्य सामन्यात असाच सुटला, रिबाउंडवर गोल झाला आणि आम्ही स्पर्धेबाहेर गेलो. "तुझ्या हातात ताकद नाही," असं मला सांगण्यात आलं होतं. वर्षभर मी रबरी बॉल दाबत बसले. मनगटं भरली, पण बॉल सुटायचा थांबला नाही.

तुम्ही पहिल्याच दिवशी ग्लोव्हज काढायला लावलेत. पाच पावलांवरून हळूच बॉल फेकलात आणि म्हणालात, "आवाज ऐक." फाट्कन आवाज आला. "हा तळव्याचा आवाज. तळवा म्हणजे भिंत, बॉल आदळणार आणि परत जाणार. बोटांवर घे." मग तेच, पुन्हा पुन्हा. अर्ध्या तासाने एकदा आवाज जवळजवळ आलाच नाही. बॉल हातात येऊन नुसता बसला. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त पुढचा बॉल उचललात.

नियमाप्रमाणे बॉलचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम. अर्धा किलोसुद्धा नाही. तो धरायला कितीशी ताकद लागणार, असं तुम्हीच मला विचारलं होतंत. खरं काम त्याचा वेग जिरवण्याचं. कोपरं किंचित वाकलेली, हात शरीराच्या पुढे, आणि बॉल लागला की हातांनी त्याच्याबरोबर थोडं मागे यायचं. माझे हात काठीसारखे ताठ असायचे, आणि ताकद वाढवून मी ते आणखी ताठ केले होते.

मग हातांचे आकार. छातीच्या वरच्या बॉलला अंगठे जवळजवळ टेकलेले, बोटं पसरलेली, अंगठे आणि तर्जन्यांचा डब्ल्यू. बॉल मधून निसटू नये म्हणून अंगठे त्याच्या मागे. खालच्या बॉलला तुम्ही साधा शब्द दिलात, ओंजळ. करंगळ्या जुळलेल्या, तळवे वर, बॉल ओंजळीत घेऊन पोटाशी कवटाळायचा. पाणी पिताना जे हात आपोआप जुळतात तेच हात. त्या एका शब्दाने माझं जे काम झालं, ते दहा आकृत्यांनी झालं नसतं. पडून धरताना एक हात बॉलच्या मागे, दुसरा वरून, आणि तिसरा हात जमिनीचा. कोपर आधी टेकलं की बॉल उडणार, म्हणून कुशीवर पडायचं.

हे सगळं जमू लागलं तरी सामन्यात बॉल सुटायचा. आणि इथे तुम्ही जे केलंत, त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. सलग तीन दिवस तुम्ही माझ्या हातांकडे पाहिलंच नाहीत. गोलपोस्टशेजारी उभे राहून माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिलात. चौथ्या दिवशी एक जुना बॉल आणलात, त्यावर काळ्या मार्करने आकडे काढलेले. झेलताना समोर दिसेल तो आकडा मोठ्याने सांगायचा. पहिल्या वीस झेलांत मला चारच आकडे सांगता आले. बॉल शेवटच्या हातभर अंतरावर आला की माझे डोळे वर जात होते, आता कोणाला फेकायचा ते शोधायला! बॉल यायच्या आधीच मी तो देऊन टाकत होते. इतक्या जणांनी माझ्या हातांना नावं ठेवली. डोळे कोणी तपासलेच नव्हते.

एकदा बॉल सुटल्यावर मी मान खाली घालून बसले, तेव्हा तुम्ही २००२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना सांगितलात. ६७ व्या मिनिटाला ब्राझीलच्या रिव्हाल्डोचा फटका जर्मनीचा गोलकीपर ऑलिव्हर कान याच्या हातातून सुटला आणि ब्राझीलच्याच रोनाल्डोने तो गोलमध्ये ढकलला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गोल्डन बॉल मिळाला तो त्याच कानला. धीर देऊन तुम्ही थांबला नाहीत. लगेच उभं केलंत आणि सुटलेल्या बॉलवर पुन्हा झेपावायचा सराव घेतलात, पाय जड होईपर्यंत. गर्दीत, ओल्या बॉलवर, पाय नीट रोवले गेले नसतील तर झेलायचा हट्ट सोड, मुठीने लांब मार, हेही तेव्हाच सांगितलंत. आधी मला ती हार वाटायची.

आता मी स्वतः लहान कीपर मुलामुलींना शिकवते. त्यांच्यासाठी बॉल लहान, फटका हलका, बाकी सगळं तुमचंच. फटका बसायच्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर, भार चवड्यांवर, मग हात. हा क्रम मी कधी बदलत नाही. गेल्या आठवड्यात एक मुलगी सारखी बॉल सोडत होती. तिचे वडील बाजूने ओरडले, "हात घट्ट धर!" मी त्यांना थांबवलं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. बॉल जवळ आला की ती डोळे मिटत होती, इतकंच. आम्ही दोन पावलांवरून, मऊ बॉलने पुन्हा सुरुवात केली. काल तिने मला आकडा सांगितला. सात.

बॉल तुमचाच आहे, सर. निरोपाच्या दिवशी तुम्ही तो माझ्या पिशवीत टाकला होतात. आकडे पुसत आलेत, मी ते दर हंगामात गिरवते. मनापासून आभार.

तुमची विद्यार्थिनी,
एक नंबरची जर्सी