दंडघेराची पट्टी आईच्या हाती

महोदय,

पश्चिम आफ्रिकेतील उपासमारीच्या बातमीसोबत आपल्या दैनिकात एका हडकुळ्या बालकाचे छायाचित्र नुकतेच छापून आले. ते पाहून मन कळवळले. परंतु तिथल्या खेड्यांतील आयांनी कुपोषणाशी झुंजताना जे साधले आहे, त्याचा बातमीत उल्लेखही नव्हता. मेळघाटात अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून उमेदीची वर्षे घालवलेल्या मला ते सांगणे अगत्याचे वाटते.

तिथल्या नायजर या देशाचे मुख्य अन्न बाजरी. जुने धान्य सरलेले आणि नवे पीक अजून शेतात उभे, असे जून ते सप्टेंबरचे महिने तिथे सर्वांत कठीण असतात, आणि हिवताप व हगवणही त्याच पावसाळ्यात येतात. अंगावरचे दूध सुटलेले मूल बाजरीच्या पातळ पेजेवर राहते. पोट भरते, पण अंगी काही लागत नाही. आजच्या घानामध्ये काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये यातून जडणाऱ्या कुपोषणाच्या आजाराचे वर्णन केले आणि पुढे त्याला तिथल्या गा भाषेतलेच ‘क्वाशिओरकोर’ हे नाव दिले. पाठचे भावंड आले की आधीच्या मुलाला जडणारा आजार, असा त्याचा अर्थ. डॉक्टरांच्या कितीतरी आधी आयांनी कारण नेमके हेरले होते.

पूर्वी अशा मुलांना औषधी दूध पाजण्यासाठी आठवडेच्या आठवडे रुग्णालयात ठेवावे लागे, आणि शेत व घरची इतर लेकरे सोडून आईला तिथे राहणे जमत नसे. शेंगदाणे, दूधभुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे यांच्या पेस्टने हे चित्र बदलले. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात ५०० कॅलरी असतात आणि त्यात पाणी मिसळावे लागत नाही, त्यामुळे गढूळ पाण्याची भीती उरत नाही. २००५ च्या दुष्काळात ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय संस्थेने नायजरमध्ये ६० हजारांहून अधिक तीव्र कुपोषित मुलांवर उपचार केले, ते बहुतांशी याच पाकिटांच्या बळावर, मुलांना घरीच ठेवून. आज ही पाकिटे नायजरच्या राजधानीत, नियामी शहरातही तयार होतात.

मला मात्र याहूनही मोलाची वाटते ती दंडघेराची, म्हणजे मुलाच्या दंडाभोवती गुंडाळून घेर मोजायची रंगीत पट्टी. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की खूण लाल रंगावर येते, म्हणजे मूल तीव्र कुपोषित आहे. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ते कळते. झिंदर प्रांतातील मिरिया जिल्ह्यात ‘अलिमा’ या संस्थेने ही पट्टी थेट आयांच्या हाती दिली, तेव्हा मुले लवकर सापडू लागली आणि रुग्णालयात दाखल करण्याची वेळ कमी मुलांवर आली.

हे लिहिताना मला मेळघाटातले एक मूल आठवले. आई वीटभट्टीवर गेल्यामुळे त्याचे एका महिन्याचे वजन राहून गेले होते. पुढच्या महिन्यात आई समाधानाने म्हणाली, “आता अंग धरतंय.” मी त्याच्या दोन्ही पावलांवर अंगठा दाबून तीन आकडे मोजले, अंगठा काढला तरी खळगे तसेच राहिले. ते बाळसे नव्हते, कुपोषणाची सूज होती. आमची पट्टी महिनाभर अंगणवाडीच्या कपाटात होती, त्या माउलीजवळ नव्हती, हे मला आजही सलते.

अशा पाकिटांसाठी मोठा निधी देणाऱ्या अमेरिकेच्या ‘यूसेड’ या सरकारी मदत संस्थेचे काम जुलै २०२५ मध्ये थांबले. पट्टी लाल दाखवील, आई मैलोन्‌मैल चालत आरोग्य केंद्र गाठील आणि तिथे पाकीटच नसेल, ही धास्ती आता खरी आहे. म्हणून माझी विनंती आहे की, आपल्या दैनिकाने या प्रश्नाचा पाठपुरावा मे महिन्यातच करावा, कारण पाकिटे गावोगावच्या केंद्रांत पोहोचायला हवीत ती जूनच्या आत. आणि आपल्याकडच्या महिला व बालविकास खात्यालाही विचारावे, की मिरियातल्या आयांना जमले ते धारणी-चिखलदऱ्याच्या आयांवर सोपवायला अडचण कोणती आहे?

आपली नम्र,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका,
धारणी, जि. अमरावती