दिप्याला, टायरांबद्दल

सातारा,
शुक्रवार, रात्री उशिरा

दिप्या लगा,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितोय तेही टायरसाठी. आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग पुढं वाच. फोन केला असता, पण फोनवर तू दुसऱ्या वाक्याला "एटी घे रे, विचार काय करतोस" म्हणून डांबर-कच्चं दोन्हीकडं चालणाऱ्या ऑल-टेरेन टायरवर विषय संपवतोस. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर अंगठा दाखवून मोकळा होतोस. म्हणून पत्र. घरात बोलायची सोय नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, "काळे, गोल, चार घ्यायचे. त्यात रात्रभर जागण्यासारखं काय आहे?"

आई बरी आहे, गुडघा आहे तसाच. माझी शुगर काठावर. झालं.

तर अप्पांची थार माझ्याकडं आली तेव्हा तिच्यावर जे टायर होते तेच आजवर चालले. ते पांढऱ्या अक्षरांचे एटी. तू पहिल्यांदा बघितलंस तेव्हा बॉनेटला नाही, टायरला हात लावलेलास, आणि अप्पा म्हणालेले, "हा पोरगा गाडी नाही, चप्पल बघून पोरगी पसंत करेल." (वहिनींना हे कधी सांगितलंस का?)

गेल्या आठवड्यात कासवरून खाली येत होतो. यवतेश्वरचा घाट, मृगाचा पहिला जोराचा पाऊस, रस्त्यावर वर्षभर सांडलेलं तेल आणि धूळ ओली होऊन वर आलेली. पुढं बामणोलीची एसटी. वळणावर तिनं ब्रेक मारला, मीही मारला. एसटी थांबली. आमची बाई काही थांबेना. चाकं लॉक, मी स्टिअरिंग फिरवतोय आणि गाडी आपली नाकासमोर सरळ. पाय उचलून परत दाबला तेव्हा कुठं धरलं. एसटीच्या मागच्या काचेत बसलेल्या पोरानं मला जीभ दाखवली आणि ती जांभळं खाऊन जांभळी झालेली होती, एवढं मला दिसलं. आता किती अंतर राहिलं असेल ते तूच काढ.

कुणाला काही झालं नाही. घरी बोललो नाही. बोललो असतो तर टायर नाही, गाडीच गेली असती.

दुसऱ्या दिवशी जुन्या एमआयडीसीतल्या त्या टायरवाल्याकडं गेलो. आता मुलगा बसतो गल्ल्यावर, म्हातारा बाहेर खुर्ची टाकून. म्हाताऱ्यानं ब्रेकचं ऐकलं, उठला, बॅटरी घेतली आणि धोतर सावरत गाडीखाली गेला. टायर बनल्याची तारीख बाहेरच्या बाजूला नव्हती, आतल्या बाजूला होती. आतून ओरडला, "बावीस पंधरा!" म्हणजे २०१५ सालचा २२ वा आठवडा. लगा, बंट्याचं लग्न त्याच वर्षी, आणि त्याची पोरगी आता सायकल चालवते.

मी म्हटलं, नक्षी तर आहे की अजून. मुलानं काटा लावला, ५ मिलिमीटर निघाली. कायद्याला १.६ चालते. म्हाताऱ्यानं त्याच्याकडं असं बघितलं की पोरगं काटा खिशात घालून आत गेलं. मग मला म्हणाला, "नक्षी बघू नका, नख लावा." लावलं. रबरावर नख नुसतं घसरलं. शेजारच्या नव्या टायरवर लावायला सांगितलं, तिथं नख रुतलं आणि खूण हळूहळू भरून आली. जुन्याच्या चरात वाकून बघितलं तर तळाशी बारीक भेगांची जाळी. खडे मात्र घट्ट बसलेले, त्यातला एक त्यानं स्क्रूड्रायव्हरनं उकरून माझ्या हातात दिला.

इथवर ठीक होतं. मग त्यानं विचारलं, "गाडी फिरते कुठं?"

आता या प्रश्नावर मी काय सांगणार? रोज कराड, हायवेनं. रविवारी कधी कास, कधी ठोसेघर. महिन्यातून एकदा गाव. ऐकून म्हातारा म्हणाला, "मग एचटी घाला आणि सुखानं झोपा."

तेव्हापासून झोप नाही. चार बाय चार गाडीला एचटी! हायवेचे टायर! तुझ्या कानाला कसं लागतं ते सांग. आणि खरं दुखणं ते नाहीच. गाव म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढं मेढ्याच्या पलीकडचा तो रस्ता आला असेल, ज्याच्यासाठी आपण गाडी, गाडी करत होतो. तो डांबरी झाला लगा. खालच्या ओढ्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत काळाकुळकुळीत, कडेला पांढरा पट्टा. परवा एक अल्टो माझ्या पुढं वर गेली, आत चार बायका आणि एक बोकड. उरला तो देवळापासून तुझ्या आत्याच्या गोठ्यापर्यंतचा तांबड्या चिखलाचा तुकडा. म्हणजे एवढं सगळं इंजिन, दोन गिअरचे दांडे आणि माझी सगळी मिजास आता एका गोठ्यापुरती.

तू म्हणशील, तरीपण एटीच. हे तुझं म्हणणं मी स्वतःशी चारदा वाद घालून बघितलं. म्हाताऱ्यानं दोन टायर शेजारी शेजारी उभे केले, योकोहामाचे जिओलँडर, एक एटी आणि एक एचटी. एटीला मोठे ठोकळे आणि मध्ये रुंद फटी. मुरमात, सुट्या दगडात त्या कडा धरतात, बाजूची भिंतही जाड, दगडानं सहज फाटत नाही. पण फटी जितक्या रुंद तितकं डांबराला टेकणारं रबर कमी, आणि ब्रेक मारला की उंच ठोकळे जागच्या जागी वाकतात. एचटीला सलग पट्टे, मध्ये लांब सरळ चर, पाणी त्यातून निघून जातं. पट्ट्यांवर बारीक बारीक चिरा, ओल्या रस्त्याला त्यांच्याच कडा धरतात. एटी वजनाला जड, डिझेल थोडं जास्त खातो, आणि ऐंशीच्या पुढं जो घूं आवाज येतो त्याला तू संगीत म्हणायचास. रोज कराड करणाऱ्याला विचार.

आता सगळे एटी सारखे नसतात हे मलाही कळतं. रस्त्याकडं झुकलेले मवाळ एटी निघालेत, आणि तुझ्या मापाचे राक्षसही आहेत. पण ज्या तांबड्या चिखलासाठी मी एटी घालायचा, त्यात एटीच्या फटी चार फेऱ्यांत भरून जातात. भरल्या की एटी काय आणि एचटी काय, दोघंही गुळगुळीत. तिथं खरा लागतो एमटी, खास चिखलाचा मड-टेरेन टायर, ज्याच्या फटी एवढ्या मोठ्या की चाक फिरलं की चिखल भिरकावून देतो. आणि एमटी घालून ओल्या घाटात उतरायचं म्हणजे त्या पोराच्या जिभेला हात लावूनच यायचं.

रात्री पडल्या पडल्या एक गोष्ट डोक्यात आली, तीच तुला सांगायला एवढं लिहितोय. फोर बाय फोर गाडी पुढं जाताना फोर बाय फोर. चढताना, चिखलातून निघताना. थांबताना सगळ्याच गाड्या फोर बाय फोर असतात, ती अल्टोसुद्धा. ब्रेकला आपला दांडा काही कामाचा नाही, तिथं फक्त रबर. अल्टोचं वजन आपल्या निम्म्याच्याही खाली. आणि आपल्या २०१४ च्या थारला एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सोय, नाही, ते थारला २०१९ साली आलं. पावणेदोन टनांची गाडी, एबीएस नाही, वर कडक झालेले ठोकळे. मी घाटात चढताना कधी अडकलो नाही दिप्या. उतरतानाच जीव वर आला.

दांड्यावरून आठवलं. पसरणीच्या घाटातून येताना पाऊस थांबून रस्ता कोरडा पडला तरी तू वाईपर्यंत फोर-हाय, चारही चाकांना जोर देणारा तो दुसरा दांडा, काढू दिला नव्हतास, "ग्रिप आहे ना, असू दे" म्हणून. मग दांडा असा बसला की दोघांनी ओढूनही निघेना, आणि पंपासमोर रिव्हर्स घेतल्यावर खटकन निघाला. तू अजून म्हणतोस गिअरबॉक्सच खराब होता. गिअरबॉक्स नव्हता. पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकत्र बांधलेला, वळणावर दोघांना वेगळं अंतर जायचं, आणि कोरड्या डांबरावर चाकं घसरून ती ओढ सुटत नाही. म्हाताऱ्याला विचारलं मी मुद्दाम. त्यानं माझी बाजू घेतली. लेखी हवं असेल तर तेही आणतो.

आणि म्हणूनच दोनच टायर घ्यायची हिची सूचना बसली नाही. पुढं नवी १० मिलिमीटर नक्षी, मागं ५ ची झिजलेली, म्हणजे ७३५ मिलिमीटरच्या चाकात १० चा फरक. सव्वा टक्क्याच्या वर. फोर-हाय टाकलं की सरळ रस्त्यावरही तीच ओढाओढ सुरू. चारही एकदम घ्यायचे आणि स्टेपनीही त्याच जातीची, तीही फिरवण्यात धरायची.

मुलानं गल्ल्यावरून आणखी एक पिल्लू सोडलं. "२३५/७० काढा, २४५/७५ टाका, गाडी भरते." भरते खरी. चाक ७३५ वरून ७७४ वर जातं, म्हणजे काटा ८० दाखवणार तेव्हा मी ८४ वर. गिअर तेवढे लांब पडणार, घाटात एक गिअर खाली घ्यावा लागणार, आणि ब्रेक तेच जुने. म्हाताऱ्यानं बाहेरून एकच शब्द टाकला, "हौस." मुलगा परत आत.

मला एटी आवडतात रे. खोटं कशाला बोलू. पार्किंगमध्ये वळून बघतो मी अजून. ऑफिसातला तो कुलकर्णी, आयुष्यात डांबराखाली न उतरलेला, त्याच्या गाडीला तुझे पांढऱ्या अक्षरांचे आहेत आणि तो रोज सकाळी फडक्यानं अक्षरं पुसतो. त्याच्या शेजारी मी एचटीवाली थार लावणार. हे दुःख वेगळंच आहे आणि ते समजणारा माणूस मस्कतला जाऊन बसलाय.

तिकडं तुम्ही वाळूत शिरताना हवा पंधरा-अठरावर आणता आणि सुटता. इथंही तेच करायचं ठरवलंय. गोठ्याच्या तुकड्याआधी देवळापाशी थोडी हवा कमी, लो-रेंज, पहिला गिअर आणि हळू. येताना देवळापाशीच पंपानं भरायची. उरलेल्या पैशात छोटा कंप्रेसर आणि ओढायचा पट्टा घेतो. तरीही रुतलो तर पाटलांचा ट्रॅक्टर आहेच, आणि वासोट्याच्या वेळसारखं त्यांचं भाषणही ऐकून घेईन.

उंब्रजच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या शेतातून बाहेर काढतात आणि हायवेच्या कडेला काळा चिखल पसरून ठेवतात. तिथं एचटी काय करतो ते या हंगामात कळेल. तेवढं मनात आहे.

स्वराला दहावीला चांगले पडले म्हणे, आईकडून कळलं. तिला माझ्यातर्फे काहीतरी घे, हिशोब इथं करू. नोकरीचं पुढं काय झालं? नवा साहेब मल्याळी आहे का तोच जुना? वहिनींच्या हाताचं बघा, रात्रपाळी अजून आहे का? गणपतीला येणार असशील तर तिकीट आत्ता काढ, मागच्या वेळसारखं शेवटच्या दिवशी रडू नकोस.

शनिवारी दुपारी एचटीचे पाच बसवतोय, बॅलन्सिंग-अलाइनमेंटसकट. तुझा निषेध त्याआधी पोचला तर वाचेन, मानणार नाही. जुने चार तुझ्या आत्यानं मागितलेत, मुरघासाच्या प्लॅस्टिकवर वजन म्हणून ठेवायला. पांढरी अक्षरं वरच्या बाजूला ठेवा म्हणून सांगितलंय. त्या म्हणाल्या, "म्हशी वाचतात होय?"

तुझा,
बाळ्या

ता. क. हे पत्र वहिनींनी वाचलं असेल तर चपलेचं ते अप्पांचं वाक्य आहे, माझं नाही.