गुडघे, गौरी आणि सोमवारचा मिस्त्री

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

फोनवर बोलले असते तर आईने "बघू गं" म्हणून विषय गौरींच्या फराळावर नेला असता, म्हणून लिहितेय. आतल्या संडासात कमोड बसवायचं मी ठरवलंय. सोमवारी मिस्त्री येईल. भांडं घेऊन झालंय आणि दुकानदार ते परत घेणार नाही.

आई, रागावू नकोस. परसातला जुना तसाच राहील, त्याला कोणी हात लावणार नाही. उकिडवं बसायची सवय मोडू नये हे तुझं म्हणणं धड गुडघ्यांना लागू. तुझ्या एक्स-रेत उजव्या गुडघ्याची आतली फट कमी झालीय, कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, झिजलीय. खोल वाकून उठताना वाटीच्या मागे फार दाब येतो. आणि पहाटे नळाला धरून उठतेस, तो नळ हलतोय म्हणे. (बाबांनी सांगितलं. सांगायलाच हवं होतं.)

ऑपरेशनचं मी काढलेलं नाही. अक्काचं झालं म्हणून तुझं व्हायलाच हवं असं नसतं. एक्स-रे वाईट असून कमी दुखणारे असतात, उलटेही असतात. चालणं आणि झोप किती अडतेय, ते बघून ठरवतात. उद्या वेळ आलीच तर खर्चाचा विचार तू करायचा नाहीस; गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर २०१७ मध्ये सरकारने मर्यादा घातलीय, बाकीचं दादा आणि मी बघू.

मला खरी काळजी वेगळीच आहे. "झिजलंय" ऐकल्यापासून तू घाटावर जाणंच सोडलंस. बसून राहिलं की मांडीचे स्नायू सुकतात, मग सगळा भार सांध्यावर येतो आणि जास्तच दुखतं. मला काखेत, दप्तर खांद्यावर घेऊन कृष्णेच्या त्याच पायऱ्या चढायचीस तू, आणि मी भोकाड पसरलं की "अजून दहाच" म्हणायचीस. पायऱ्या नकोत आता, सपाट रस्त्याने गणपतीपर्यंत जा. काठी डाव्या हातात धर, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध. काठी घेतली म्हणून कोणी म्हातारी म्हणत नाही. म्हटलंच तर माझं नाव सांग.

खुर्चीत बसून एकेक पाय सरळ उचल, पाच आकडे धर, हळू खाली. दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. फिजिओथेरपिस्ट बाई घरी येऊन बाकीचं शिकवतील, त्यांच्याशी मी बोललेय. रात्री गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नकोस, बरं वाटतं पण पाय वाकलेलाच राहायला लागतो. आणि हे हळूच म्हणते: एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. चहाबरोबरची खारी मोजून खा. बंद कर म्हणत नाही.

बाबा, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणता ती गोळी बंद. आईला बीपी आहे. असली वेदनाशामकं रोज घेतली की बीपी वाढतं, किडनीवर आणि पोटावर येतं. लावायचं जेल चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. आराम पडला नाही तरी स्वतःच्या मनाने डोस वाढवू नका. त्या जाहिरातीतल्या तेलाने चोळलं तर बरं वाटतं, चोळा. झीज मात्र भरून येत नाही, तेव्हा त्याच्या तीन-तीन बाटल्या नकोत.

गौरींना मी दोन दिवस आधी येतेय. पुरण टेबलाशी बसून वाटायचं, विळी माळ्यावर, भाजीला सुरी. जेवायला पाटावर पंगत हवीच असेल तर तू खुर्चीत. देवीला चालतं, मी विचारलंय!

मिस्त्रीला पैसे देऊ नका, ते झालेत. चहा मात्र द्या. भिंतीला धरायची दांडी उजव्या बाजूला घ्यायचीय. आईला आधी बसवून, हात कुठे पोचतो ते बघून मगच ठोकायला सांगा. तो घाई करेल, करू देऊ नका.

तुमची,
बबी