ते तुला सापडलं होतं

प्रिय पक्या,

सात महिने झाले. तुझे दोन मेसेज येऊन पडलेत, मी वाचले हेही तुला दिसलंय आणि तरी उत्तर दिलं नाही. आज लिहायला बसलोय ते पत्रच, कारण मेसेजमध्ये हे मावणार नाही. फोन करून सांगायचं तर तू पहिल्याच वाक्याला ‘बरं, असू दे’ म्हणून मला सोडवशील. तसं सुटायचं नाहीये.

प्रकृती ठीक आहे. मान अधूनमधून धरते, व्यायाम चालू आहे.

कॉन्फरन्सला जाऊन आलो. तिथली सगळी भाषणं रेकॉर्ड झाली आहेत आणि थोड्याच दिवसांत ती सगळ्यांना बघता येतील. माझंही, आपल्या शोधयंत्रावरचं. ते तुझ्या नजरेला पडायच्या आत एक गोष्ट तुला माझ्याकडून कळली पाहिजे. पण आधी हॉटेलचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही.

हॉटेल आयोजकांच्या यादीतलंच घेतलं होतं. ‘सभागृहापासून चालत दहा मिनिटं’ असं लिहिलेलं. नकाशावर सरळ रेघ मारली तर खरंच दहा मिनिटं. पण त्या रेघेच्या मधोमध सहा पदरी रस्ता आहे, आणि तो ओलांडायचा पूल इतका लांब, की जायला चांगला अर्धा तास लागतो. विमान उशिरा सुटलं. काउंटरपाशी पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. तिथे एकटाच मुलगा ड्यूटीवर, विशीतला. म्हणाला, सर, तुमची रूम अकरा वाजता दुसऱ्यांना दिली. खोल्या असतात त्यापेक्षा जास्त बुकिंग घ्यायची, काहीजण येणारच नाहीत असा हिशोब धरायचा, आणि सगळे आले की सर्वांत उशिरा येणारा अडकतो, हे मला ऐकून माहीत होतं. बॅग खांद्यावर घेऊन समोर उभं राहिलं की ते वेगळंच लागतं. त्या मुलाने तीनदा माफी मागितली. त्याच्यावर चिडायचं माझ्या जिवावर आलं. ‘एक रात्र काढा सर, उद्या बदलून देतो’ म्हणत त्याने तळमजल्यावरची, सामानाच्या लिफ्टमागची खोली दिली. दुसऱ्या रात्रीही मी तिथेच होतो.

खोलीत शिरल्या शिरल्या ओल्या पोत्याचा वास. पडदा सरकवला तर काचेपलीकडे हातभर अंतरावर भिंत, आणि त्या बोळकांडीत एसीची यंत्रं एकावर एक रचलेली. एक थांबलं की दुसरं सुरू. मधेच लिफ्ट यायची, तिचं दार आपटायचं आणि पलंगाच्या डोक्याकडची पट्टी थरथरायची. शेवटी फोनवर आवाज मोजला, त्याने ४७ डेसिबल दाखवले. फोनचं मोजमाप काटेकोर नसतं, ते मान्य. पण झोपायच्या खोलीत ३०च्या वर आवाज नसावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि डेसिबलचं गणित तुला माहीतच आहे. ४७ म्हणजे दीडपट नव्हे. दहाने वाढलं की ध्वनीची तीव्रता दहापट होते.

पहिल्या रात्री मी मनाची समजूत घातली. नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही, त्याला कारण आहे. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अशा रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा सावध राहतो, पहाऱ्यावर बसल्यासारखा. म्हटलं, बसू दे. उद्या झोपेन.

आता इंटरनेट. हे तुलाच सांगण्यात अर्थ आहे, कारण यावरून आपण किती वेळा भांडलोय! खोलीचा नंबर आणि आडनाव घातलं की जोडणी मिळणार, अशी पाटी. पण ते पानच उघडेना. मग लक्षात आलं, की असली पानं साध्या, ‘http’वाल्या असुरक्षित पत्त्यावरची विनंती मधेच अडवून तिथे स्वतःला घुसवतात. आजकाल बहुतेक सगळे पत्ते सुरक्षित, त्यामुळे ब्राउझर त्यांना आत घेत नाही, नुसता इशारा देत बसतो. मुद्दाम एक जुना असुरक्षित पत्ता टाइप केला, तेव्हा कुठे पान आलं. त्यावर माझं आडनाव चालेना. खाली जाऊन बघितलं तर रजिस्टरात ते चुकीचं लिहिलेलं. ते चुकीचंच आडनाव घातलं आणि आत शिरलो. लॅपटॉप मिटला की जोडणी तुटायची आणि सगळं पहिल्यापासून.

आणि स्लाइड्स, पक्या, क्लाउडवर. लॅपटॉपवर फाइलचं नाव दिसत होतं, पण शेजारी तो छोटासा ढग. म्हणजे फाइल दिसते, डिस्कवर नसते. शेवटची आवृत्ती मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पुरी केली होती. लॅपटॉपवर होता तो दीड महिन्यापूर्वीचा कच्चा मसुदा. ‘पेनड्राइव्हवर घे, खिशात ठेव, मग जग बुडू दे’ हे तुझं वाक्य मी किती वर्षं उडवून लावलं! आपण सरांपुढे डेमो द्यायला गेलो होतो आणि तू शर्टाच्या खिशातून दोन पेनड्राइव्ह काढलेस, आठवतं? लंबू तुला ‘डबल स्टेपनी’ म्हणायचा. त्या रात्री खाली उतरणारी पट्टी बघत मी दोनपर्यंत बसलो. सत्तर टक्क्यांवर पोचायची, तुटायची, परत शून्य.

दुसऱ्या रात्री पहाटे चारच्या सुमाराला अचानक सगळं शांत झालं आणि मी मेल्यासारखा झोपलो. जाग आली ती दारावरच्या थापेने, सफाईवाल्या मावशी होत्या. सव्वाआठ! तेव्हा कळलं, की भिंतीवरची ती कार्ड खोचायची पट्टी ढिली होती. कार्ड सरकून खाली पडलं, खोलीची वीज गेली. एसी बंद झाला म्हणून मला झोप लागली, आणि त्याच कारणाने फोन चार्ज झाला नाही, गजर वाजला नाही. माझं भाषण साडेनऊला. तोंडावर पाणी मारून त्या पुलावरून अक्षरशः धावत गेलो.

सभागृहातल्या वायफायवर शेकडो लॅपटॉप. जुन्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, तिथे माझी फाइल काय उतरणार? कच्चा मसुदा उघडला आणि उभा राहिलो.

आता खरं ते लिहितो.

शेवटच्या आवृत्तीत दुसरी स्लाइड तुझी होती. तुझं नाव, आणि खाली ‘हा प्रश्न याने शोधला’ एवढंच. कच्च्या मसुद्यात ती नव्हती. मागाहून घालू म्हणून ठेवली होती. पहिली स्लाइड माझ्या नावाची, लगेच तिसरी. मला दिसलं ते, पक्या. तिथे उभं राहून नीट दिसलं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मी पुढे गेलो.

भाषण चांगलं झालं, हेही खोटं सांगत नाही. आधी ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ दाखवलं. एक गुरू, एक स्वयंपाकी, आणि फरक त्या एवढ्याशा आडव्या रफाराचा. लोक हसले. मग ‘दऱ्या’ शब्द शेजारी शेजारी दोनदा दाखवला आणि विचारलं, फरक सांगा. कुणालाच सांगता येईना, कारण डोळ्याला फरक नाहीच. मग आतले कोड उघडून दाखवले. पहिल्यात ०९३१ क्रमांकाचा ऱ, हलन्त, य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, झीरो विड्थ जॉइनर म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह, य. युनिकोडला, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाला, दोन्ही चालतात. पहिला इस्की या भारतीय लिप्यांच्या मानकाला धरून, दुसरा युनिकोडच्या २.० आवृत्तीपासूनच्या मजकुरासाठी. पण ते दोन्ही एकच आहेत असं युनिकोड म्हणत नाही. म्हणून एकाने टाइप केलेल्या दऱ्या दुसऱ्याला शोधून सापडत नाहीत. यावर हॉलमध्ये जी शांतता पसरली ना, ती तू ऐकायला हवी होतीस.

शेवटी प्रश्न. दुसऱ्या रांगेतल्या एक बाई उठल्या, ग्रंथालयांच्या सूचीचं काम करतात. म्हणाल्या, आम्ही सगळे तो जॉइनर कचरा समजून सरसकट काढून टाकतो. तो काढला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, दरीचा समुद्र होतो, हे तुमच्या लक्षात कसं आलं?

आणि मी माइकवर म्हणालो, ‘एका रात्री सूची तपासताना मला सापडलं.’

मला.

ती रात्र मला स्वच्छ आठवते. ट्यूबलाइट फडफडत होती, लंबू खुर्चीतच घोरत होता. तू मला दंडाला धरून हलवलंस आणि म्हणालास, ‘अरे, काढू नकोस त्याला, आधी ऱमध्ये बदल.’ मी झोपेत होतो. ते तुला सापडलं होतं. मी फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी ते टाइप केलं.

परतीच्या प्रवासात मी तुझ्यासाठी एक वाक्य तयार केलं होतं: ‘दोन रात्री झोप नव्हती रे, म्हणून राहून गेलं.’ वर हॉटेलचं एवढं लांबण लावलं तेही त्याच वाक्याच्या आधाराने, हे लिहिता लिहिता मला कळतंय. झोप नसली की जीभ अडखळते. माझी अडखळली नाही. ‘आम्हाला’ नाही आलं तोंडात, ‘माझ्या मित्राला’ नाही आलं. समोर माणसं मन लावून ऐकत होती आणि ते सगळं आपलं एकट्याचं असावं असं मला त्या क्षणी वाटलं. तेवढाच क्षण होता, पण तो होता. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगणार? दुसरा कुणी म्हणेल, एवढं काय त्यात. त्यात किती आहे ते तुलाच कळेल.

जेवणाच्या सुट्टीत त्या बाईंना गाठून सांगितलं, ते माझ्या मित्राला सापडलं होतं, मला नाही. त्या ‘अच्छा’ म्हणाल्या आणि स्वतःच्या अडचणीबद्दल विचारू लागल्या. त्यांचं बरोबरच आहे. पण हॉलमध्ये बोललो ते हॉलमध्येच राहिलं. आल्या आल्या आयोजकांना मेल केली. भाषणाच्या माहितीत तुझं नाव आधी, मग माझं, असं त्यांनी करून दिलंय. रेकॉर्डिंगमधलं ते वाक्य हवं तर कापू, असंही विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते तू ठरव. ठेव म्हणालास तर तसंच राहू दे, खाली माझ्या नावाने खुलासा लिहीन. काप म्हणालास तर कापायला सांगतो.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? पोरगी आता कितवीत, दहावीत ना? तुझा गुडघा? डॉक्टरकडे गेलास की अजून तेलच चोळतोयस? सविस्तर लिही, मी सगळं वाचेन.

आणि एक. त्या बाईंनी त्यांच्या सूचीतली एक फाइल दिली आहे, सोबत जोडतो. तिसरी ओळ बघ. तिथे ‘दऱ्या’ आहे आणि आपलं शोधयंत्र त्याला ओळखत नाही. आत उघडून बघितलं तर र, मग नुक्ता म्हणजे अक्षराखालचं टिंब, हलन्त, य. हा तिसरा प्रकार. हा मात्र युनिकोडच्या लेखी ऱशी पूर्ण समान आहे, सगळा मजकूर आधी एकसारखा करून घेतला की आपोआप जुळतो. ती पायरी आपल्याकडे होती. वेग वाढवायला म्हणून मी ती काढली, आणि काढू नको म्हणून तू तीन दिवस माझ्याशी भांडला होतास. मी परत घातली आहे. पण शोधयंत्राची जुनी अनुक्रमणिका पूर्ण नव्याने बांधावी लागेल असं दिसतंय, आणि तिथे मी अडलोय. तुझ्याशिवाय हात लावायचं धाडस होत नाही. रविवारी मी दिवसभर घरी आहे. बघशील का?

तुझा,
तोच