“साखर खाली गेली की कळवा” म्हणजे नेमकं काय?

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मधुमेहाच्या ॲपचं काम तुझ्याकडे आलं हे कळल्यापासून मला एकच धास्ती वाटते. डॉक्टर म्हणतील, “साखर फार खाली गेली की आम्हाला कळवा,” आणि तू मान डोलावून कोड लिहायला बसशील. बसू नकोस. आधी विचार, फार खाली म्हणजे किती? साधारणपणे 70 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली सावध व्हायचं आणि 54 च्या खाली गेली तर धावपळ करायची. मग बरोबर 70 आली तर? “आम्हाला” म्हणजे कोणाला? रात्री दोनला तो फोन कोण उचलणार, आणि त्याने नाही उचलला तर पुढे कोण? मुख्य म्हणजे, पहिली सूचना रुग्णालाच जायला हवी. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर 15 ग्रॅम ग्लुकोज आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. स्क्रीनवरचे हे शब्द डॉक्टरांनीच लिहून द्यायचे, तू नाही.

आता आकडा जवळून बघ. काही ग्लुकोमीटर मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात, त्याला 18 ने गुणलं की मिलिग्रॅम मिळतात. म्हणजे 5.5 ही साखर 99, अगदी उत्तम. पण टाइप करताना टिंब गळलं तर 55 होतात, ॲप ते मिलिग्रॅम समजतं, आणि चांगल्या माणसाला धोक्याचा इशारा जातो. म्हणून एकक प्रत्येक नोंदीसोबत साठव, गृहीत धरू नकोस.

याहून वाईट चूक वेगळीच आहे. साखर मीटरच्या मोजण्याच्या हद्दीखाली गेली की पडद्यावर आकडा येत नाही, “लो” येतं. तुझा रकाना फक्त आकडे घेत असेल तर ती नोंद रिकामी राहते, सरासरीतून गळते, आणि सगळ्यात धोक्याची रात्र आलेखावर दिसतच नाही. हे इंजिनिअरला एरवी सुचत नाही. मीटर रोज हाताळणाऱ्या नर्सला पहिल्या मिनिटात सुचतं. त्यामुळे बैठकीला नर्स हवीच.

वेळाही दोन ठेव, मोजल्याची आणि सर्व्हरवर पोचल्याची. रात्री नेटवर्क नसलं तर दोनची नोंद सकाळी आठला पोचते. तेव्हा “आत्ता साखर कमी आहे” असा संदेश जाणं चूक आहे.

कोडच्या आधी डॉक्टरांकडून एक तक्ता भरून घे. 53, 54, 55, 69, 70, 71, “लो” आणि रिकामी नोंद, या प्रत्येकापुढे ॲपने काय करायचं ते त्यांच्या हाताने लिहिलेलं हवं. दोन डॉक्टरांना वेगवेगळं बसवून भरायला दे. जिथे उत्तरं जुळणार नाहीत, तिथेच खरं काम आहे. मग नाव-पत्ता काढलेल्या जुन्या नोंदींवर नियम चालवून दिवसाला किती इशारे जातात ते मोज. फार गेले तर लोक न वाचताच पुसून टाकतात.

न समजणारा इशारा किती महागात पडतो बघ. थेरॅक-25 या किरणोपचाराच्या यंत्राने 1985 ते 1987 मध्ये सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली. दोष सॉफ्टवेअरमध्ये होता, पण त्यातल्या काही वेळा पडद्यावर नुसतं “मालफंक्शन 54”, म्हणजे बिघाड क्रमांक 54, एवढंच आलं. त्याचा अर्थ चालवणाऱ्यांना कुणी सांगितलेला नव्हता, आणि एक बटण दाबलं की यंत्र पुन्हा सुरू व्हायचं.

तक्ता भरून आला की त्यावर तारीख आणि डॉक्टरांची सही घे. उद्या मर्यादा बदलली, तर जुना तक्ता फेकू नकोस. कोणती सूचना कोणत्या नियमाने गेली, हे नंतर शोधावं लागतं.

तुझी आई